महात्म्याने सांगितलेली जागा

बोईसरला एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही अकरा-बारा जणं महात्म्याचे मागचे जन्म पाठ करायचो. हसायचं तर हसा. मी स्वतः आता हसते. पण सात वर्षं मी त्या चटईवर मांडी घालून बसले आणि एकदाही हसले नाही, हेही सांगून ठेवते.

हॉलच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. वर महात्म्याचं चित्र, पिंगट केस आणि निळे डोळे. खाली एकाखाली एक चौकटी, प्रत्येक चौकटीत एक जन्म. इजिप्तमधला पुजारी. मग ग्रीसमधला गणिती, ज्याला आकड्यांत संगीत ऐकू यायचं. मग पाखरांशी बोलणारा एक संन्यासी. मग बायकोसाठी संगमरवराची कबर बांधणारा बादशहा. शेवटचा जन्म काश्मिरी पंडिताचा, आणि त्यानंतर आरोहण, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. थिऑसॉफीत, म्हणजे मंडळ ज्या पंथाचं होतं त्यात, अशा गुरूंना मोठा मान. कारण सुटका मिळूनही ते सुटत नाहीत, माणसांच्या सेवेसाठी मागे थांबतात. हे 'मागे थांबणं' मला फार आवडलं होतं. जो गेला तो कायमचा गेला, हे ज्यांच्या घरात नीट ठरलेलं नसतं, त्यांना असलं काही पटकन आवडतं.

मंडळ चालवणाऱ्या बाईंना आम्ही ताई म्हणायचो. निवृत्त शिक्षिका, पांढरी साडी, मऊ आवाज. महात्मा त्यांच्याशी बोलतो असं आम्ही धरून चाललो होतो. त्या पिवळी मेणबत्ती लावायच्या, डोळे मिटायच्या आणि तुम्ही कुठल्या जन्मात महात्म्याची काय सेवा केलीत ते सांगायच्या. आमच्यात तीन राजकन्या होत्या, चार पुजारी आणि बादशहाचा एक वजीर. हा वजीर एरवी एका केमिकल कंपनीत बॉयलर बघायचा. झाडूवाला, पखालवाला कोणीच निघाला नाही. हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मीही एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करायचे. दिवसभर नमुने तपासायचे, खरं-खोटं वेगळं करायचे. रविवारी मात्र ती अक्कल घरी ठेवून यायचे.

मी मूळची दातिवऱ्याची, मच्छीमाराची मुलगी. लग्न केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फारशी मजेदार नाही. नोकरीसाठी बोईसरला खोली घेतली, आई गावीच राहिली. बाबा मी अठरा वर्षांची असताना समुद्रात गेले ते आले नाहीत.

बाबांची समुद्रात एक जागा होती. पाण्याखाली खडक होता, त्याच्या आसपास घोळ मासा यायचा. घोळ म्हणजे आमच्याकडे सोनंच. अशी जागा शोधायची कशी? पाण्यावर काही पाटी लावता येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकावर एक आणायच्या, म्हणजे जवळचं झाड आणि लांबचा डोंगर, किंवा देऊळ आणि डोंगर. होडी अशी न्यायची की त्या दोन एका रेषेत दिसतील. मग आणखी एक खूण बाजूला, अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे धरायची, की झाली जागा. बाबांची खरी खूण होती गावातल्या देवळाचा कळस. तो मागच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसला पाहिजे. किल्ल्याची खूण मी आजही सांगणार नाही.

आणि ही खूण कोणी कोणाला खरी सांगत नाही. हा आमच्याकडचा रिवाज आहे, त्यात कोणाला लबाडी वाटत नाही. सकाळी बंदरावर कोणी विचारायचं, "काल कुठं टाकलंस जाळं?" की विचारलेला माणूस अगदी सरळ चेहऱ्याने खोटी जागा सांगायचा. विचारणाराही मान डोलवायचा. त्यालाही माहीत असायचं. बाबांची ठरलेली थाप होती, "उंच ताड डोंगराच्या टोकावर आला का टाकायचं." लहानपणापासून मी ती इतक्यांदा ऐकली होती की कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच बोलले असते. आई मात्र त्या वेळी बंदरावर नसायची. ती पहाटेच पाटी घेऊन सफाळ्याच्या बाजाराला निघालेली असायची.

बाबांना मुलगा नव्हता. मी दहावी झाल्यावर ते मला एकदा होडीतून घेऊन गेले आणि कळस खाचेत बसवून दाखवला. "बग, बसला का? नीट बग," म्हणाले. "कोनाला बोलू नको. आपली जागा हाय ती." मला इतका अभिमान वाटला की आठवडाभर मी गावात ताठ मानेने फिरत होते.

दोन वर्षं गप्प राहिले. मग एका दुपारी फोडली.

माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणते, बोंबील वाळत घालताना मला चिडवत होता. पोरींना काय कळतं समुद्रातलं, काका तुला नुसती हवा खायला नेतात, असं. मी चिडले. मी तापट आहे, तेव्हाही होते. मी त्याला तोंडावर सांगितलं, कळस खाचेत, आणि किल्ल्याकडे अमुक. तो हसायचा थांबला. आठवड्याच्या आत त्याच्या घरची होडी त्या जागेवर होती. बाबांनी लांबून पाहिली. घरी येऊन काही बोलले नाहीत. जेवताना नेहमी ताटातला तळलेला तुकडा माझ्याकडे सरकवायचे, त्या दिवशी सरकवला नाही, एवढंच. त्यानंतर त्या जागेवर रोज कोणी ना कोणी असायचं. बाबा लांब जायला लागले, छोट्या होडीने आणि एकटे. दीड-दोन महिन्यांनी होडी अर्नाळ्याच्या बाजूला रिकामी मिळाली.

जागा माझ्याकडून कळली, हे दादाने कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. आम्ही दोघं त्या विषयावर आजतागायत एक अक्षर बोललेलो नाही.

आईने काही केलं नाही. म्हणजे दिवस घातले नाहीत, कुंकू पुसलं नाही, बांगड्या काढल्या नाहीत. देह मिळाला नव्हता. गावातल्या बायका समजावून थकल्या. "त्यानं मला सांगितलं नाय जातो म्हणून," एवढंच ती म्हणायची. अशी पस्तीसच्या वर वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, पण कपाळावर कुंकू तसंच. मी गावी गेले की त्या कुंकवाकडे बघायचं टाळायचे. ती वाट बघतेय ती माझ्यामुळे, हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

मंडळात पक्कं सामील व्हायचं तर 'निवेदन' लिहावं लागे. आयुष्यात कोणाला सांगितलं नाही ते महात्म्याला लिहायचं, तपशीलासकट, आडपडदा न ठेवता. पाकिटात घालायचं, मेणबत्तीच्या पिवळ्या मेणाने बंद करायचं आणि तक्त्याखालच्या लाकडी पेटीत टाकायचं. माणसाने वाचायचं नाही. गुरुपौर्णिमेला गच्चीवर एका डब्यात सगळी पाकिटं जाळायची. माझं पाकीट जळताना मी या डोळ्यांनी पाहिलं. मेणही जागच्या जागी होतं.

त्या निवेदनात मी सगळं लिहिलं. दादाचं चिडवणं, माझं फोडणं, ताटातला तुकडा. लिहिताना दोनदा पदर ओला झाला. आणि जागेचं वर्णन आलं तेव्हा मी लिहिलं, 'ती जागा म्हणजे उंच ताड डोंगराच्या टोकावर येतो ती.' हात आपसूक तिकडे गेला. लिहून झाल्यावर वाचलं आणि लक्षात आलं, पण खोडलं नाही. एकदा ती जागा तोंडातून गेली तर बाप गेला, पुन्हा कागदावर तरी कशी उतरवू? मनात म्हटलं, महाराज, तुम्ही तर सर्वज्ञ, खरी जागा तुम्हाला माहीतच असणार. आणि मच्छीमाराची पोर महात्म्यालाही थाप मारते, याचं मला जरा हसूही आलं.

चारेक महिन्यांनी ताईंनी मला एकटीला बोलावलं. मेणबत्ती लावली. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पाणी दिसतंय. तुझे वडील." बाबांबद्दल मी मंडळात कधीच कोणाजवळ काही बोलले नव्हते. ताईंनी सांगितलं, महात्मा संन्याशाच्या जन्मात एका तळ्यातल्या बेटावर एकांतात राहायचा, तेव्हा त्याला होडीतून पलीकडे नेणारा नावाडी म्हणजे माझे बाबा. त्याने सेवा केली, आणि महात्मा सेवा विसरत नाही. म्हणून बाबांची वेळ आली तेव्हा तो स्वतः पाण्यावर आला आणि त्यांचा हात धरून त्यांना घेऊन गेला. भीती नाही, तडफड नाही.

"आणि तुझे वडील म्हणतायत," ताई म्हणाल्या, "मुलीला सांगा, तिने जे उघड केलं त्याचा मला राग नाही."

मी तिथेच चटईवर आडवी झाले आणि रडले. लहान मूल रडतं तशी, नाक-डोळे पुसायचं भान नव्हतं. ताई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तो हात मला अजून आठवतो. त्या हातात माया होती की नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि माझा खरा जळफळाट तिथेच आहे.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी दातिवऱ्याला गेले. आईला सांगितलं. जागा फोडल्याचं तेवढं गाळलं, बाकी सगळं सांगितलं. नावाडी, महात्मा, हात धरून नेणं. आई ओट्यावर सुकी मासळी निवडत बसली होती. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून समुद्रावर गेली आणि परत आली ती मोकळ्या कपाळाने. हातात बांगड्या नव्हत्या. मला म्हणाली, "भटजींना बोलव. त्यो नीट पोचला असंल तर मी कशाला अडवून धरू?"

दर्भाचा पुतळा करून भटजींनी सगळे विधी केले. दादाने खांदा दिल्यासारखं सगळं निस्तरलं, लाकडांपासून जेवणापर्यंत. पिंडाला कावळा लगेच शिवला. आई त्या रात्री पहिल्यांदा दाराला आतून कडी लावून झोपली. इतकी वर्षं कडी लावत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मी ताईंचे पाय धरले त्यानंतर. खरंच धरले. मंडळाची झाडलोट, चहापाणी, तक्त्याची नवी प्रत काढणं, सगळं अंगावर घेतलं. मला वाटायचं, आई सुटली आणि मीही सुटले. एवढं ज्याने केलं त्याच्यासाठी काय करू आणि काय नको.

वर्षभराने मंडळाचा वार्षिक मेळावा होता. पालघरला एक हॉल घेतला होता. विषय 'महात्म्याची सेवा: जन्मोजन्मीच्या कथा'. ताई म्हणाल्या, आईला आण. आई यायला सहज तयार झाली. इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली. आजूबाजूला उमरोळीच्या, केळव्याच्या, डहाणूच्या बायका होत्या. ताईंनी एकेक जन्म घेतला. इजिप्त झालं, ग्रीस झालं, बादशहा झाला. मग त्या म्हणाल्या, आता आपल्याच किनाऱ्यावरची एक कथा. आणि बाबांची कथा सांगायला लागल्या, नाव न घेता, पण आमच्याकडे बघून.

ताई बोलायला चांगल्या होत्या. समुद्र उभा केला, होडी उभी केली, महात्मा पिवळ्या प्रकाशात पाण्यावरून चालत आला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि कुठे आला तो? तर त्या कोळ्याची एक गुप्त जागा होती. जगात कोणाला ठाऊक नसलेली. उंच ताड जिथे डोंगराच्या टोकावर येतो, बरोबर तिथे महात्मा त्याला भेटला."

मी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून चहाचे कप लावत होते. हातातला कप मी खाली ठेवला.

काय झालं ते मला क्षणात कळलं. दिवसभर नमुने तपासणाऱ्या बाईला एवढं तरी कळणारच. ताड टोकावर हे बाबांना माहीत असणार, पण थाप म्हणून. महात्म्याला माहीत असेल तर खरी जागा माहीत असेल. ताड टोकावर ही खरी जागा म्हणून जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, माझ्या पाकिटात. ते पाकीट मेण लावून जळालं. पण जळण्याआधी चार महिने पेटीत पडून होतं, आणि उघडून पुन्हा बंद करायला त्या घरात मेणबत्त्यांचा तोटा नव्हता.

आणि मग त्याच्यामागून दुसरं आलं. पाकीट वाचून जागा कळली, तर पाकीट वाचूनच राग नाही हेही कळलं. बाबा काही बोलले नव्हते. बाबा राग धरूनच गेले असतील. माझी माफी ताईंनी लिहिली होती, माझ्याच कागदावरून. मला वाटलं आत्ता इथे सगळे कप फोडावेत. फोडले नाहीत. आई पहिल्या रांगेत बसली होती.

मला वाटलं, आईलाही कळलं असणार. बाबांची बायको ती, कळस खाचेत हे तिला माहीत नसेल तर कोणाला? परत येताना ट्रेनमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली. आई खिडकीतून बघत होती. मी वाट बघत होते की आता बोलेल, आता बोलेल. केळवे गेल्यावर ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता.

"बरोबर जागा बोलल्या बाई," ती म्हणाली. "ताड टोकावर. ही जागा कोनालाच ठाव नव्हती. लग्न झालं त्याच साली तुज्या बाबानं मला सांगितली, आनि बोलला, तुला एकटीलाच सांगतो. मी आजपावेतो कोनाला बोलले नाय. तुला पन नाय. मग त्या बाईला कसं कळलं? म्हंजे खरंच आला होता ना गं तो, महात्मा का कोन?"

मी हो म्हणाले.

बाबांनी आईला थाप मारली होती. बंदरावरच्या दहा माणसांना मारायचे तीच. त्यांचं काय चुकलं म्हणा. ती बाजारात बसणार, चार बायकांत बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. आणि ती थाप तिने पन्नासच्या वर वर्षं उराशी धरली, नवऱ्याने फक्त आपल्याला दिलेली गोष्ट म्हणून. पोटच्या पोरीलाही सांगितली नाही. खरी जागा बाबांनी मला सांगितली आणि मी ती दोन वर्षांत फोडली. म्हणजे माणूस ओळखण्यात त्यांची दोन्हीकडे चूक झाली. त्या ट्रेनमध्ये मला बाबांचा पहिल्यांदा राग आला, आणि तो कोणाजवळ बोलायची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी मी ताईंकडे नवाला गेले, मंडळ जमायच्या आधी. चटईवर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, ती जागा खोटी आहे आणि ती फक्त माझ्या पाकिटात होती.

ताई गडबडल्या नाहीत. माझ्याकडे शांतपणे बघत राहिल्या, वर्गात खोडकर मुलीकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू महात्म्याला खोटं लिहिलंस."

ताईंनी तक्त्यावरच्या चित्राकडे बोट केलं.

"तू गुरूला खोटं दिलंस, गुरूने तुला तेच परत दिलं. तुझं तुला दाखवलं. यात मी कुठे आले?"

सांगायला लाज वाटते, पण आठ दिवस मला हे पटलंही होतं. मी खोटं लिहिलं होतं हे खरंच होतं ना. मी आठ दिवस महात्म्याची माफी मागत होते, ताईंना बोलल्याबद्दल. मग कारखान्यात एका दुपारी परीक्षानळी धुताना डोक्यात आलं, तेव्हाही मी गुन्हेगार होते आणि आताही मीच. या बाईकडे कुठलंही कुलूप न्या, किल्ली एकच, माझी चूक. मी पुन्हा गेले. म्हटलं, "ताई, जागा मला दाखवून द्यायला परत दिली असेल. मग बाबांना राग नाही, हे काय होतं? तेही माझंच मला परत?"

"ते खरं होतं," ताई म्हणाल्या.

"कोणतं खरं आणि कोणतं परत दिलेलं, हे कोण ठरवतं?"

ताईंनी उत्तर दिलं नाही. पेटीकडे मात्र एकदा बघितलं, अगदी पटकन. मग म्हणाल्या, "तुझी आई आता शांत झोपते ना? मग तुला काय हवंय?"

मी चपला घालून उतरले ती परत त्या जिन्यावर चढले नाही. बॉयलरवाला वजीर मध्ये एकदा भाजी घेताना भेटला, म्हणाला, तुमची जागा ताईंनी अजून कोणाला दिली नाही. मी म्हटलं, माझी जागा दातिवऱ्याला आहे.

आईला मी काही सांगितलं नाही. रोज ठरवलं की सांगू. पण काय सांगू? बाईने आपल्याला फसवलं म्हणायचं, तर कसं कळलं ते सांगावं लागेल. ते सांगायचं तर जागा खोटी म्हणावं लागेल. जागा खोटी म्हटलं की नवऱ्याने तुला एकटीला सांगितलेली गोष्ट बंदरावरच्या सगळ्यांना सांगितलेली थाप होती, हे आलंच. आणि शेवटी, खरी जागा मी फोडली आणि म्हणून तो लांब गेला. एक धागा ओढला की सगळं जाळं हातात येतं. पुसलेलं कुंकू तर परत लावता येत नाही. म्हणून मी गप्प बसले, ताई बसल्या तशीच.

या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर आईने हट्ट धरला. आता पाय थकलेत, एकदा त्या जागेवर न्या, नारळ सोडते. होडी दादाची. तो आता साठीच्या पुढे गेलाय, मशीनची होडी आहे, जागा बघायला हातात जीपीएस. सकाळची वेळ, समुद्र बरा होता. मी फुलं आणली होती. आईला दोघांनी धरून बसवलं. बरंच आत गेल्यावर दादाने विचारलं, "काकी, कुठं घेऊ?"

"उंच ताड डोंगराच्या टोकावर आन," आई म्हणाली. "तुला नाय ठाव ती जागा. मी दाखवते."

दादाने माझ्याकडे बघितलं. बंदरावर ती थाप त्यानेही शंभरदा ऐकली होती. मला भीती वाटली, हसतो की काय. तो हसला नाही. जीपीएस बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "दाखव काकी."

आई मान वर करून किनाऱ्याकडे बघत होती. अजून थोडं, अजून, उजवीकडे घे, असं करत तिने होडी तिथे आणली जिथे ताडाचा शेंडा डोंगराच्या टोकाला भिडला. "थांबव," म्हणाली. तिने नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. फुलं सोडली. मग पाण्याशी बोलली, अगदी रोजच्या आवाजात, तो समोर जेवायला बसल्यासारखी.

"बग. आले का नाय बरोबर? मलाच ठाव होती तुजी जागा. कोनाला बोलले नाय मी."

दादा मशीनकडे तोंड करून बसला होता. त्याने परत सुरू करायला वेळ लावला.

येताना तो सरळ आला नाही, जरा वळसा घेऊन आला. मला कळलं तो कुठून नेतोय. मी किनाऱ्याकडे बघत राहिले. देवळाचा कळस हळूहळू सरकत डोंगराच्या खाचेकडे आला आणि नीट बसला. दादाने मशीन मंद केली. चाळीस वर्षांत आम्ही दोघांनी त्या जागेबद्दल केलेलं एवढंच बोलणं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काय नाय काकी. दोरी अडकली."

आई माझ्या समोर बसली होती, पाठ किनाऱ्याला, चेहरा माझ्याकडे. माझ्या मुठीत थोडी फुलं उरली होती. ती पाण्यात सोडली असती तर तिने विचारलं असतं, इथं कशाला? दोरी सुटली असं दादा म्हणाला आणि आम्ही निघालो. फुलं मी पिशवीत परत टाकली.